पाणी येईपर्यंत काट नाही

सुशांतच्या मुलीचं जावळ काढलं, ते साल दोन हजार तेवीस. हौसाबाईच्या घरात साल असंच लक्षात राहतं. कंपनी बंद पडली ते साल, दौलत गेला ते साल, योगिनी सून होऊन आली ते साल. तर नातीचं जावळ माघात काढलं, खटावच्या बाजूला गावच्या देवीपाशी, मामाच्या मांडीवर बसवून. पोरीनं रडून देऊळ डोक्यावर घेतलं. सगळे शीळफाट्याला परत आले, पिशव्यांतला नारळ-गुलाल अजून बाहेरही काढला नव्हता, तेवढ्यात डोंबिवलीहून उत्तराताईंचा फोन आला.

"हौसाबाई, रेनाटे आलीय. माझ्याकडेच उतरलीय. उद्या या, आणि येताना ठसा घेऊन या."

"ठसा कशापायी?"

"या तर खरं. समोरासमोर बोलू."

हौसाबाईनं फोन ठेवला आणि तांदळाच्या डब्यावरचा ठसा उचलला. होय, तांदळाच्या डब्यावरचा. डब्याचं झाकण कधीच हरवलं होतं आणि ठसा मापात बसत होता. वर्षातून चार-दोनदा तो धुऊन शाईला काढायचा, काम झालं की खोबरेल तेलाचा हात फिरवून पुन्हा डब्यावर. तेलानं लाकूड काळंभोर, चकचकीत झालं होतं. तिनं तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि उशाशी ठेवून झोपली. समोरासमोर बोलायचं म्हणजे काहीतरी वाकडं आहे, एवढं तिला कळत होतं.

रेनाटे होलमान ही जर्मनीतल्या लाइपझिग शहरातली चित्रकार. पण रंगवून, चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगायची चित्रं तिनं कधी काढली नाहीत. लाकडाच्या फळीवर पटाशीनं चित्र कोरायचं, वर शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवून घासायचा आणि निघालेला कागद रस्त्यावरच्या भिंतीला चिकटवायचा, हे तिचं काम. ठाण्यातल्या कोलशेतच्या बायकांनी तिचं रेणुताई करून टाकलं. ती पहिल्यांदा आली दोन हजार एक साली. उत्तराताई तेव्हा डोंबिवलीच्या कॉलेजात शिकवायच्या आणि कोलशेतला खाडीकाठच्या वस्तीत, हौसाबाई तेव्हा राहायची तिथं, बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालवायच्या. त्यांनीच तिला बोलावलं होतं, एका महिन्यासाठी. पुढं ती दर एक-दोन वर्षांनी हिवाळ्यात येतच राहिली.

वस्तीत नळ होता, पाणी नव्हतं. बायका टिपाडं घेऊन शेजारच्या कंपनीच्या मागच्या गेटापाशी जायच्या. रेणुताईनं आठ दिवस नुसतं बघितलं, त्यांच्याबरोबर हंडा धरून रांगेत उभी राहिली, आणि मग म्हणाली, फळी पाहिजे. हौसाबाईचा नवरा दौलत तेव्हा त्याच कंपनीत कामाला. मशिनच्या खोक्याची एक जाड देवदारी फळी त्यानं खांद्यावर घालून आणली. खोक्यावर परदेशी अक्षरं होती. रेणुताईनं ती वाचली आणि खो-खो हसत सुटली. फळी तिच्याच मुलखातून आली होती.

त्या फळीवर तिनं पाच बायका कोरल्या. डोक्यावर हंडे, पुढं एक नळ, नळाच्या तोंडाखाली रिकामी जमीन, काळी ठिक्कर. दुसऱ्या नंबरची बाई म्हणजे हौसाबाई. दौलत बघून म्हणाला होता, "बाकी बेस हाय, पण नाक जरा जास्तीच काढलंय."

"नाक हाय तेवढंच हाय," हौसाबाई म्हणाली होती. "आजवर तुम्ही बगितलं न्हाई, एवढंच."

खालच्या मजकुरासाठी वेगळी पट्टी केली. उत्तराताईंनी पातळ कागदावर 'पाणी द्या' लिहिलं, रेणुताईनं कागद उलटा चिकटवला आणि कोरायचं काम हौसाबाईच्या हातात दिलं, कारण एवढ्या दिवसांत रेणुताईपाशी बसून तिचा हात बसला होता. आता हौसाबाईनं वर्गात नुकतीच बाराखडी काढली होती. वयाच्या चाळिशीत अक्षर आलं की माणसाला त्याचा फार ताठा असतो. तिनं बघितलं, अक्षरं उलटी आहेत. मनात म्हणाली, बिचारी परदेशी बाई, तिला काय कळतंय. आणि तिनं कागद खरवडून काढला, सगळी अक्षरं आपल्या हातानं सुलटी मांडली आणि झोकात कोरली. छापल्यावर ती उलटी उमटली. कुणाच्या ध्यानात यायच्या आत पोरांनी शंभरभर कागद कोलशेत रोडला चिकटवून टाकले होते.

उत्तराताईंनी कपाळाला हात लावला. पण संध्याकाळी रिक्षावाले हसत हसत वस्तीत आले. म्हणे, आमच्या आरशात मागची भिंत दिसते आणि तिच्यावर झकास वाचता येतं, पाणी द्या. दोन दिवस प्रत्येक रिक्षावाला पॅसेंजरला आरसा दाखवत होता. रेणुताई म्हणाली, तीस वर्षांत माझं पोस्टर लोकांनी इतकं मन लावून कधी वाचलं नव्हतं. पुढं पट्टी नवी केली. जुनी हौसाबाईनं चुलीत घातली नाही, फडताळात ठेवली.

कोरता कोरता रेणुताई आपली हकिगत सांगायची. सुरुवातीला उत्तराताई मधे बसून मराठी करून सांगत, पुढं तिची तीच बोलू लागली. मराठी ती हौसाबाईकडून शिकली, त्यामुळं खटावची मराठी बोलायची. गोरीपान, निळ्या डोळ्यांची बाई "आगं काय करतीस?" म्हणाली की ठाण्याचे साहेबलोक चमकायचे.

बाप तिचा छापखान्यात खिळे जुळवायचा. ती जन्मली चव्वेचाळीस साली, लढाई चालू असताना, आणि वाढली पडक्या भिंतींच्या गावात. आई पडलेल्या घरांच्या विटा घासून साफ करायची, त्यावर घर चालायचं. पोरगी चित्रं काढायला लागली तशी सरकारनं फुकट शिकवली. आणि चोवीस वर्षांची असताना सरकारनंच तुरुंगात घातली. शेजारच्या देशात यांच्या बाजूचे रणगाडे घुसले होते. तिनं एका रात्रीत ठसा कोरला. रणगाडा आणि त्याच्यापुढं बाबागाडी घेऊन उभी असलेली बाई, एवढंच. भिंतीवर चिकटवताना धरली.

"किती मारली?" हौसाबाईनं विचारलं होतं.

"मारली न्हाई. बसवून ठिवली. दीड वरीस. पटाशी न्हाई, कागद न्हाई. मी साबणाच्या वडीवर नखानं कोरायची."

"मग आंघोळ?"

"आंघोळीला चित्र जायचं वाहून. दुसऱ्या दिवशी नवं."

हौसाबाईला हे फार आवडलं होतं. ती पुढं कित्येकांना सांगायची, आमच्या रेणुताईचं अर्धं काम मोरीतनं वाहून गेलंय.

सुटल्यावर तिला देशाच्या दुसऱ्या अर्ध्यात पाठवून दिलं. तिथं ती बंदरावरच्या गोदी कामगारांत राहिली, त्यांच्या संपाची पोस्टरं केली, बॉम्बच्या विरुद्ध केली, भाडेकरूंसाठी केली. लग्न केलं नाही. देश पुन्हा एक झाला तशी परत आपल्या गावी गेली. आणि हे सगळं करताना तिनं एक नेम पाळला. ठसा ज्या कामासाठी कोरला, ते काम झालं की त्याच्यावर दोन रेघांची काट मारायची, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, खोल. मग तो पुन्हा छापायचा नाही. आणि काम होत नाही तोवर काट नाही. झिजू दे, तडकू दे, छापत राहायचं.

तिच्या जन्मभरच्या ठशांपैकी तीनांवरच काट होती. एक देशाच्या मधल्या भिंतीविरुद्धचा. ती भिंत पडली. एक गोदीवरच्या पाळणाघरासाठीचा, पाळणाघर झालं. एक तुरुंगातल्या मैत्रिणीच्या सुटकेसाठीचा, ती सुटली. बाकी सगळे चालू.

कोलशेतच्या ठशावरही काट पडता पडता राहिली होती. दोन हजार दोनला निवडणुकीच्या तोंडावर नळाला धो धो पाणी आलं. बायका नाचल्या, रेणुताईच्या हातात पटाशी दिली, ताई मारा काट! दौलत उंबऱ्यावर विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "टँकरचं पाणी नळात सोडल्यालं हाय ते. एक उन्हाळा जाऊ द्या की." मतदान झालं, पाणी गेलं. तेव्हापासून वस्तीत म्हणच पडली, एक उन्हाळा जाऊ द्या.

असा तो ठसा. लुगड्यात गुंडाळून हौसाबाई दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला उत्तराताईंच्या घरी पोचली.

रेणुताई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. केस पांढरे धोट, अंगानं निम्मी झालेली. हौसाबाईला बघून उठली, आणि हौसाबाईनं तिचे हात हातात घेतले तेव्हा तिला कळलं. हात थरथरत होते. धरून ठेवले तरी थरथरत होते.

"ह्ये कवापासनं?"

"दोन वरीस. कप धरला तर च्या सांडती. पटाशी धरली तर बोट जाईल." रेणुताई हसली. "नाक मातुर तुझं तेवढंच हाय."

उत्तराताईंनी पोहे दिले, चहा दिला आणि मग विषय काढला. बाई साधीसुधी आणि सरळ, फिरवून बोलायची त्यांना सवय नव्हती. जर्मनीतल्या एका संग्रहालयानं रेनाटेचे सगळे ठसे मागितले आहेत. तिच्या नावाचं दालन करणार. जन्मभराचं काम एका जागी, नीट, वाळवी न लागता राहील. अट एकच, सगळ्या ठशांवर काट हवी, म्हणजे पुढं कुणी छापणार नाही. तिकडचे सगळे ठसे रेनाटेनं द्यायचं कबूल केलंय. इकडचा हा एक राहिला.

"आणि काट तुम्ही मारायची," उत्तराताई म्हणाल्या. "तिचा हात चालत नाही. तिला दुसऱ्या कुणाचा हात नको आहे."

हौसाबाईनं पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"पाणी कुठं आलंय?"

"अहो, असं काय करता? तुमची कोलशेतची वस्ती उठून दोन वर्षं झाली. तुम्हाला शीळफाट्याला पक्की घरं मिळाली. स्वयंपाकघरात नळ आहे, बाथरूममध्ये नळ आहे."

"नळ आलाय ताई. पाणी यायचंय."

"म्हणजे अजिबातच नाही?"

"गृहप्रवेशाला आलं हुतं. साहेब लोकांनी नळ सोडून फोटू काढला. त्या दिशी आलं, मग त्ये बी साहेबांच्या गाडीत बसून गेलं."

रेणुताई हसली, पण लगेच गंभीर झाली. तिनं उत्तराताईंना खूण केली. उत्तराताईंनी फोनवर एक फोटो उघडून हौसाबाईपुढं धरला. कोलशेतला, जिथं वस्ती होती तिथल्या जवळच, नवे टॉवर झाले होते. एका टॉवरच्या क्लबहाउसची ती भिंत होती. भिंतीवर पुरुषभर उंच, रंगीत केलेल्या, त्याच पाच बायका. हंडे सोनेरी. खाली लिहिलं होतं, चोवीस तास पाणी, पोहण्याचा तलाव.

हौसाबाई बघतच राहिली. आपलं नाक एवढं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"बगितलंस?" रेणुताई म्हणाली. "आमी रांगेत उभ्या, आन त्यांचा तलाव. हौसा, माझं हात गेलं. आता मी जाईन. मग कुणीबी उठंल, ठसा घील, कशासाठीबी छापंल. त्यापरीस काट मारून टाक. मी दमले गं."

हे ऐकून कुणाचंही मन पातळ झालं असतं. हौसाबाईचंही झालं. बावीस वर्षांत या बाईनं दमले हा शब्द काढला नव्हता. दौलत गेला तेव्हा लाइपझिगहून विमानानं आली होती, बाराव्याला हजर. तिनं मागितलेलं आजवर हौसाबाईनं दिलं नाही असं झालं नव्हतं. पण ठसा तिनं मांडीवरून खाली ठेवला नाही.

"रेणुताई, त्या टावरवाल्यानं तुज्याकडं ठसा मागितला हुता का?"

"न्हाई."

"माज्याकडं बी न्हाई. त्यानं मोबाइलवरनं चित्र उचललं. चोराला ठसा लागत न्हाई. काट मारली तर तो थांबतोय व्हय? आमी तेवढ्या थांबतो. गेल्या साली शंभर कागद छापलं, मोर्चाला नेलं. औंदा बी छापायचं हाईत. ह्यो ठसा गेला तर आमी काय हातात धरावं, टिपाडं?"

"हौसाबाई," उत्तराताई हळू म्हणाल्या, "तिचं वय बघा. एकोणऐंशी. तिच्या नावाचं एक दालन होतंय. हे तिला मिळायला नको का?"

"मिळू द्या की. माझं काय म्हणणं न्हाई. तिनं म्हणावं, मी माजा नेम मोडला, तू काट मार. मी आत्ता मारते. पटाशी आणा."

खाली भाजीवाला वांगी वांगी ओरडत होता. रेणुताई आपल्या हातांकडं बघत होती. मग तिनं चप्पल पायात घातली.

"चल," ती म्हणाली. "नळ बगू."

"आत्ता?" उत्तराताई उठल्या. "अगं, रस्त्याला केवढी ट्रॅफिक असते!"

"तुरुंगात दीड वरीस बसले. रिक्षात बसंन."

रिक्षात बसून त्या तिघी शीळफाट्याला पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. इमारत सात मजल्यांची, रंग नवा, लिफ्टला कुलूप. हौसाबाईचं घर चौथ्या मजल्यावर. रेणुताई प्रत्येक वळणावर थांबली, कठड्याला धरून श्वास घेतला, आणि चढली. प्रत्येक मजल्यावर दारादारापुढं निळी पिंपं उभी होती. चपला कमी आणि पिंपं जास्त. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी घागर टेकून दम खात बसली होती. तिनं वर बघितलं आणि ओरडली, "आवं, ही तर रेणुताई! मेली न्हाई व्हय अजून?"

"जिन्यात मरणार हाय," रेणुताई म्हणाली.

दार सुशांतनं उघडलं. मागं योगिनी, तिच्या कडेवर तुळतुळीत डोक्याची पोरगी. रेणुताईला बघून पोरीनं तोंड वाकडं केलं, मग तिचा पांढरा केस धरून ओढला. सुशांत म्हणाला, "ताई, फोन तरी करायचा, मी घ्यायला आलो असतो. तुम्ही चार माळे चढून आलात?"

"बाजूला हो रे. पावणी नळ बगायला आलीया," हौसाबाई म्हणाली.

स्वयंपाकघरात स्टीलचा नवा नळ होता, त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून पुरता निघाला नव्हता. रेणुताईनं थरथरत्या हातानं चावी फिरवली. आधी काही नाही. मग नळानं घसा खाकरल्यासारखं केलं, फुस्स करून वारा सोडला, आणि एक कोळी बाहेर आला. बारकासा. तो बेसिनमध्ये उतरला, इकडं तिकडं बघितलं आणि चालू लागला.

योगिनी म्हणाली, "अय्या! हा रोज येतो. आम्ही त्याला इन्स्पेक्टर म्हणतो."

उत्तराताईंनी चष्मा काढून पुसला. त्या कॉलेजात शिकवलेल्या, सगळीकडं अर्ज लिहिलेल्या, याच घरांच्या कागदांसाठी हेलपाटे घातलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, हे तरी झालं. मी यायला हवं होतं इथे. दोन वर्षांत एकदाही आले नाही."

"आता आलाय न्हवं," हौसाबाई म्हणाली. "बसा. योगिनी, च्या टाक."

चहा टँकरच्या पाण्याचा झाला. रेणुताईच्या कपात हौसाबाईनं निम्माच ओतला, म्हणजे सांडायला नको. ती प्यायली आणि लुगड्यात गुंडाळलेला ठसा मागून घेतला. मांडीवर उघडा केला. अंगठ्यानं नळाच्या तोंडाखालची जागा चाचपली. इतक्या वर्षांच्या शाईनं आणि तेलानं ती जागा आरशासारखी झाली होती.

"उत्तरा, त्यांना कळव," ती म्हणाली. "तीन ठसे घ्या. काट असल्यालं तीन हाईत. बाकीच्यांचं काम चालू हाय."

"अगं, पण ते दालन? ते म्हणतील, सगळे नाहीत तर काहीच नको."

"मग नको. बॉम्ब हाईत अजून? हाईत. भाडं वाढतंय? वाढतंय. मग मी कशी काट मारू? म्हातारी झाले म्हणून?" तिनं ठशावर टिचकी मारली. "दमल्यावर मानूस खोटं बोलतंय. मी सकाळी बोलले. हौसानं धरली."

मग तिनं पिशवीतून कापडाची सुरळी काढली. आत तिच्या पटाश्या होत्या, बापाच्या छापखान्याच्या गल्लीतून तरुणपणी घेतलेल्या, मुठी हातात झिजून झिजून तिच्या तळव्याच्या आकाराच्या झालेल्या. एक निवडली आणि हौसाबाईच्या पुढं धरली.

"पाणी आलं की तूच मार. मला इचारू नको."

"आन तुज्या नावाचं काय?" हौसाबाईनं विचारलं. तिला आता वाईट वाटत होतं. आपलं म्हणणं खरं झालं की माणसाला असं होतं.

"माझं नाव तांदळाच्या डब्यावर ठिव," रेणुताई म्हणाली. "वाळवी लागत न्हाई न्हवं?"

"माज्या घरात? वाळवीची काय टाप!"

संग्रहालयानं सुरुवातीला नाहीच म्हटलं. मग उत्तराताईंनी त्यांना लांबलचक पत्र लिहून रेनाटेचा नेम समजावून सांगितला, आणि त्यांनी तीन ठसे आणि कागदावरची सगळी पोस्टरं घेतली. दालन झालं नाही, एक भिंत झाली. रेणुताईनं फोटो पाठवला. हौसाबाईनं बघून सांगितलं, भिंत चांगली आहे, पण वर चढून चिकटवणारी पोरं दिसत नाहीत.

आणि इकडं काम सुरू झालं. हौसाबाईनं नवी पट्टी कोरली, 'नळ दिला, पाणी कुठे?' या खेपेला अक्षरं उलटी, बरोबर. इमारतीतल्या बायकांनी गच्चीवर कागद पसरले, वाटीच्या बुडानं घासून घासून छापले. तो इन्स्पेक्टर कोळीसुद्धा हौसाबाईनं एका कोपऱ्यात कोरून वर घातला. शीळफाट्याच्या पुलाखाली, कल्याणच्या बाजारात, कचेरीच्या फाटकावर, जिथं जागा मिळेल तिथं लावले. फाडले की पुन्हा लावले. उत्तराताई आता दर आठवड्याला यायच्या, अर्ज त्यांचा, भिंत यांची. कचेरीतला साहेब एकदा वैतागून म्हणाला, "बाई, ही पाच बायकांची चित्रं माझ्या स्वप्नात येतात." हौसाबाई म्हणाली, "दुसरी हाय ती मी. पाणी सोडा, मग येत न्हाई."

दोन हजार पंचवीसच्या होळीनंतर मोठ्या जलवाहिनीची जोडणी झाली आणि एक दिवस सकाळी नळ खाकरला. आधी तांबडं आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. योगिनीनं किंकाळी फोडली. सगळ्या इमारतीत हंडे, बादल्या, पातेली, ज्याला जे सापडेल ते भरायची एकच झुंबड उडाली, जणू पाणी आता पळून जाणार. नात नळाखाली बसून चिंब भिजली. सुशांत म्हणाला, "आई, पटाशी काढ. व्हिडिओ करतो, रेणुताईंना पाठवू."

हौसाबाई भरलेल्या हंड्याकडं बघत उभी होती. तिला दौलत दिसत होता, उंबऱ्यावर बसलेला.

"एक उन्हाळा जाऊ दे," ती म्हणाली.

"अगं आई, आता काय निवडणूक आहे का?"

"नसंना. जाऊ दे."

चैत्र गेला. नळ चालू. वैशाखात डोंगराकडच्या विहिरी तळाला गेल्या, गावोगाव टँकर फिरायला लागले, नळ चालू. पिंपं हळूहळू गच्चीवर गेली, एकात कुणीतरी तुळस लावली. ज्येष्ठात पाऊस धरला तरी नळ चालूच. इन्स्पेक्टर कोळी पुन्हा दिसला नाही. तेव्हा हौसाबाईनं तांदळाच्या डब्यावरून ठसा काढला, खिडकीशी पाट मांडला, पटाशी हातात घेतली. मूठ दुसऱ्याच्या तळव्याची होती, पण तिच्या हातात बसली.

काट या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मारायची, असा नेम. पण तिनं पटाशी कोपऱ्यावर टेकवली नाही. ती टेकवली नळाच्या तोंडावर. तिथून खाली, काळ्या जमिनीतून, पाची बायकांच्या पायांवरून, ठशाच्या कडेपर्यंत एक खोल रेघ. मग तिच्याशेजारी दुसरी. देवदाराचा वास आला, इतक्या वर्षांनी. तिनं शाई लावली, कागद ठेवला, वाटीनं घासला आणि उचलला. कोरलेलं ते पांढरं उमटतं. काळ्या चित्रात नळातून पांढरीशुभ्र धार खाली पडत होती आणि बायकांच्या पायांवरून वाहत होती.

तो एकच कागद छापला. ठसा धुतला, तेल लावलं आणि डब्यावर ठेवला.

सुशांतनं कागदाचा फोटो लाइपझिगला पाठवला. रेणुताई तेव्हा अंथरुणालाच खिळली होती, तिची भाची फोन धरायची. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आवाज आला, अगदी बारीक, मधे मधे धाप लागत होती, पण मराठी खटावचीच.

"हौसा, नळ बंद कर की गं. केवढं पाणी वाया घालवतीस!"

रेनाटे होलमान अकरा नोव्हेंबर दोन हजार पंचवीसला, मंगळवारी, लाइपझिगमध्ये आपल्या राहत्या घरी वारली.